पेट्रोल आबांचं, ठिणगी मामाची

कागल मागं पडलं आणि गाडी खोकली. एकदा, दोनदा. मग उसाच्या एका फडासमोर रस्त्याच्या कडेला जाऊन ती जी थांबली ती थांबलीच. आबांनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

"ठिणगी गेली," ते म्हणाले.

शेजारी बसलेल्या आनंदामामानं समोरच्या काचेतून नजर न हलवता उत्तर दिलं, "पेट्रोल आलं न्हाई."

मागच्या सीटवर माझ्या शेजारी आईनं डोळे मिटून घेतले. मी खाली उतरले, कारण काठी माझ्याकडे होती.

काठी पेट्रोल मोजायची. गाडीत पेट्रोलचा काटा होता, पण तो मामानं जोडलेला असल्यामुळे टाकी कोरडी असली तरी भरलेलीच दाखवायचा. मामाचा स्वभावच तसा. म्हणून गाडी थांबली की मी मागं जायचं, टाकीचं पितळी टोपण फिरवून काढायचं, आत वेताची काठी बुडवायची आणि ओल कुठवर आली ते ओरडून सांगायचं, अशी माझी नेमणूक होती. मी तेव्हा हायस्कुलात भूगोल शिकवत होते. आमच्या घरानं माझ्या पदवीचा केलेला एवढाच उपयोग मला आठवतो.

"अर्ध्याच्या वर हाय!" मी ओरडले आणि टोपण पुन्हा घट्ट बसवलं.

तोवर बॉनेट उघडलं होतं आणि मामानं त्यात डोकं घातलं होतं. त्यानं ठिणगीचे पॉइंट काचकागदानं घासले, फुंकर मारली आणि आबांना चावी फिरवायची खूण केली. गाडी लगेच सुरू झाली.

"बघितलासा?" मामा हात पुसत म्हणाला.

"काय बघायचं त्यात? तुझंच बिघाडलं हुतं, तूच नीट केलंस," आबा म्हणाले.

खरं सांगायचं तर हे एवढं बोलणंसुद्धा आमच्याकडे सणासारखं होतं. आबा आणि मामा दहा-बारा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण फेट्याचं. मामाच्या थोरल्या मुलीच्या लग्नात मांडवात पहिला फेटा बांधला गेला तो गावच्या दूध सोसायटीच्या चेअरमनला, आणि दुसरा आबांना. घरचा जावई दुसरा! आबांनी तो फेटा सोडून नीट घडी घातली, मांडवाच्या खांबाला अडकवला आणि न जेवता एसटी पकडली. आई हातातल्या अक्षता तशाच घेऊन त्यांच्या मागून निघाली. "त्या उंबऱ्याला पुन्यांदा पाय लावणार न्हाई," आबा म्हणाले, आणि आबा एकदा म्हणाले की ते परमेश्वराच्या बापाचंही ऐकत नसत.

आईला कुणी जाऊ नको म्हटलं नव्हतं. पण नवरा ज्या दारात जात नाही तिथं आपण मिरवत गेलो तर नवऱ्याला खोटं पाडल्यासारखं होतं, असा तिचा हिशेब. आजी वारली तेव्हा ती एकटी गेली, दिवसभर भिंतीला टेकून बसली आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आली. त्यानंतर माहेरचं नावही तिनं काढलं नाही. फक्त माहेराकडं, गडहिंग्लजला जाणारी एसटी दिसली की ती पाटी पूर्ण वाचायची.

कोंडी फुटली ती या गाडीमुळं. आजोबांची विलायती गाडी, डोळे वटारल्यासारखे दिवे असलेली, गोठ्यात कडब्याखाली पडून होती. कंपनी कुठली ते सांगत नाही. कंपनी केव्हाच बुडाली, आणि गेलेल्यांबद्दल वाईट बोलू नये. एके दिवशी मामानं ती ट्रकवर घालून कोल्हापुरात आमच्या दारात आणून उतरवली आणि मला म्हणाला, "तुझ्या आबास्नी सांग, दुसऱ्या कुणाचा हात लावून घ्यायचा न्हाई मला हिला."

आबा दोन हातांच्या अंतरावर उभे होते. ते मला म्हणाले, "तुझ्या मामाला सांग, ठेव म्हणावं."

आबांचं उद्यमनगरात लेथ होतं. 'रंगराव मिस्त्रीच्या हातचं गळत नाही' ही त्यांची ख्याती आणि दुर्दैवानं त्यांच्या कानावरही आलेली. मामाचं गडहिंग्लजला रेडिओ दुरुस्तीचं दुकान. तेव्हा कामाची वाटणी आपोआप झाली: पेट्रोल, पाणी, इंजिन, लोखंड आबांचं, तारा, दिवे, बॅटरी, ठिणगी मामाची. दर रविवारी मामा एसटीनं यायचा आणि दोघं एकाच बॉनेटमध्ये डोकी घालून माझ्यामार्फत बोलायचे. "माले, मामाला सांग, पाना दे." पुढं पुढं मलाच कंटाळा आला आणि एका रविवारी मी मैत्रिणीकडे निघून गेले. परत आले तर दोघं थेट बोलत होते. भांडत होते म्हणा, पण थेट.

गाडी तयार झाली तेव्हा खंडेनवमी जवळ आली होती. हत्यारांची, यंत्रांची पूजा. मामा म्हणाला, त्या दिवशी आजोबांची गाडी आजोबांच्या दारात उभी पाहिजे. आबा बराच वेळ मिशीला पीळ देत राहिले.

"गाडी सोताच्या पायानं तुझ्या दारात गेली, तर मी बी सोताच्या पायानं उतरीन," ते म्हणाले. "पर वाटंत कुणाचं टोचन लावून वडत न्यायची पाळी आली, तर मी तितनंच माघारी. आन् मी माघारी म्हंजे ही बी माघारी."

"टोचन?" मामा म्हणाला. "माझी ठिणगी हाय दाजी त्यात. टोचन कशाला लागतंय?"

"माझं पेट्रोल हाय," आबा म्हणाले.

आतून आईनं हे ऐकलं. त्या रात्री तिनं पेटीतलं हिरवं इरकल बाहेर काढून उशाशी ठेवलं. आता तेच नेसून ती मागच्या सीटवर बसली होती, मांडीवर नारळाची पिशवी घट्ट धरून.

निपाणी यायच्या आत गाडी पुन्हा खोकली आणि थांबली. या वेळी पाळी आबांची. मी काठी बुडवली, ओल सांगितली, टोपण बसवलं. आबांनी पेट्रोलची नळी सोडली, तोंड लावून फुंकली, एक घोट पेट्रोल पोटात गेलं, त्यांनी मामाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि नळी परत जोडली. गाडी सुरू झाली.

"कचरा हुता," आबा ठसकत म्हणाले.

"तुमच्यातच असणार," मामा म्हणाला.

निपाणी सोडली आणि तंबाखूच्या शेतांपाशी तिसऱ्यांदा थांबली. आता दोघांचेही उपाय एकदा करून झाले होते. सायकलवरून चाललेला एक म्हातारा थांबला, त्यानं गाडीभोवती चक्कर मारली आणि विचारलं, "कोण वारलं हो हिच्यातनं?" मग त्यानंच निदान केलं, "दीष्ट लागलीया. लिंबू उतरा."

आबांनी त्याला जायला सांगितलं. आईनं मात्र पिशवीतून लिंबू काढलं, गाडीवरून उतरवलं आणि पुढच्या चाकाखाली ठेवलं. मी आपली काठी बुडवून आले. आबांनी वैतागून चावी फिरवली आणि गाडी लिंबू चिरडून झोकात निघाली.

हा दोघांनाही अपमान वाटला.  तवंदीच्या घाटाला लागेपर्यंत मामा एकदाच पुटपुटला, "लिंबात शिट्रिक ऍसिड असतंय."

घाटात मध्यावर, जिथं एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला दरी आहे, तिथं गाडीनं शेवटचा आचका दिला. मी दगड लावायला उडी मारली. चाकांमागं दगड लावून काठी घेऊन टाकीकडं निघाले, तर आबा खेकसले.

"पेट्रोल हाय म्हणून किती येळा सांगतीस? सारखं सारखं त्यात काठ्या घालू नगंस. बस जा!"

मी रस्त्याकडेच्या कठड्यावर जाऊन बसले. पुढचा तास मी माणसांना इंजिनावर राग काढताना बघितलं. मामानं पॉइंट घासले. आबांनी नळी फुंकली. मामानं प्लग काढून उन्हात वाळत घातले. आबांनी पंप खोलून परत बसवला. हँडल मारून मारून दोघांचे शर्ट पाठीला चिकटले. गाडी नुसती हुंकार द्यायची आणि गप्प बसायची.

"कंडेन्सर गेलाय तुझा," आबा म्हणाले. "रेड्यूवाल्याच्या हातात गाडी दिल्यावर काय हुनार? बातम्या लागतील, गाडी न्हाई लागायची."

"आन् पंप तुमचा काय वडतोय? ठ्यां ठ्यां ठोकत बसायचं नुसतं! मिस्त्री म्हणं!"

"काय म्हणालास?"

"जे ऐकलं तेच म्हणालो. आमच्या मांडवात बी असंच केलासा. सोता चुकायचं न्हाई कंदी, चुकणार ते आम्ही!"

झालं. मांडवाचं नाव निघालं. आबांनी हातातला पाना खाली ठेवला, अगदी हळू. फेट्याची घडी घालताना ते जसे दिसले होते तसेच दिसायला लागले.  मी आईकडे बघितलं. ती गाडीतून उतरली होती आणि घाटाच्या वरच्या टोकाकडे बघत होती. तिथून पलीकडे उतरलं की संकेश्वर, मग तिचं माहेर.

तेवढ्यात खालून एक रिकामा ट्रक आला आणि आमच्यापाशी थांबला. ड्रायव्हरनं खिडकीतून मान काढली.

"टोचन लावू काय, काका? गडहिंग्लजलाच चाललोय."

 मामाचा सगळा राग उतरला होता आणि तो नुसता आबांकडे बघत होता.

"लाव," आबा म्हणाले. "आनंदा, गाडी न्हे तू. आम्ही तिघं हितनं मिळंल त्या एसटीनं कोल्हापूर गाठतो."

ड्रायव्हर दोर काढायला खाली उतरला. गाडी जायचीच तर तिच्या टाकीत किती पेट्रोल आहे ते सांगावं, एवढाच विचार करून मी मागं गेले आणि टोपण फिरवलं. ते आता उघडता उघडेना. सगळा जोर लावला तेव्हा 'स्सूऽऽप' असा लांबलचक आवाज करत ते सुटलं, आणि त्या भोकातून टाकीनं असा काही वारा ओढून घेतला की माझ्या पदराचं टोक आत चाललं.

 आवाज तसा मी सकाळपासून ऐकत होते, पण इतका मोठा नव्हता. मग तेलाचा डबा आठवला. नव्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल येत नाही, समोर दुसरं भोक पाडावं लागतं, हे कुठल्याही घरातल्या पोरीला माहीत असतं. तेल बाहेर यायचं तर वारा आत जायला पाहिजे. इंजिन पेट्रोल ओढत होतं, पण टाकीत वारा शिरायला जागाच नव्हती. जुन्या टोपणाला सुईएवढं भोक होतं. आबांनी ते मला दाखवलं होतं आणि म्हणाले होते, "गंजानं खाल्लंय बघ." आणि मग त्यांनी अख्ख्या पितळेतून, आतून चामड्याचा वायसर घालून, जगातलं सगळ्यात न गळणारं टोपण बनवलं होतं. थांबल्यावर दर वेळी मी ते काढत होते म्हणून गाडी चालू होत होती. पॉइंट नाही, नळी नाही, लिंबूही नाही.

"आबा!" मी ओरडणार तोच माझं मनगट कुणीतरी आवळलं. आई होती.

"गप," ती म्हणाली.

"अगं, पण ह्या टोपणाला..."

"ठाव हाय मला. निपाणीलाच कळलंय."

"मग सांगत का नाहीस?"

"कुणाला सांगू? आनंदाच्या म्होरं ह्यास्नी सांगू, की तुमचं चुकलं म्हणून?"

 मामा वीस पावलांवर उभा होता. आबांनी एक वेळ विष खाल्लं असतं, पण मेव्हण्यासमोर ही चूक कबूल करून त्याच्या दारात उतरले नसते. नाही सांगावं तर टोचन. आई इकडूनही माघारी, तिकडूनही माघारी.

तिनं माझ्या हातातून टोपण घेतलं. पदरानं पुसलं. आबांनी त्याच्या कडेला लेथवर काढलेली बारीक नक्षी उन्हात चमकत होती. मग कठड्यापाशी जाऊन तिनं ते दरीत भिरकावलं. माझी आई, जिनं आयुष्यात कधी कावळ्यावर खडा मारला नव्हता, तिनं ते असं काही फेकलं की पहिला आवाज यायलाच वेळ लागला. टण्ण. मग अजून खाली, टण्ण.

आबा वळले. "काय पडलं?"

"टोपण," आई म्हणाली. "हातातनं निसटलं."

आबांचं तोंड उघडंच राहिलं. मामाचंही. "आक्का, अगं दाजींनी किती राबून केलतं ते!" मामा कळवळून म्हणाला, आणि दिवसभरात त्यानं आबांच्या बाजूनं बोललेलं हे पहिलं वाक्य होतं.

"निसटलं त्याला मी काय करू? तुम्ही दोघं भांडायला लागला की माझे हात कापत्यात." आईनं पिशवीतला पंचा काढला, त्याचा सैल बोळा करून टाकीच्या तोंडात कोंबला. "ट्रकवाल्याला बांधायचं ते बांधू दे. त्याच्या आधी एकदा चालू करून बघा. शेवटचं. माझ्यासाठी."

मामानं पळत जाऊन जुना कंडेन्सर काढला आणि खिशातला दुसरा लावला. आबांनी पंपाचा नट अर्धा आटा आवळला. आबा चावीवर, मामा हँडलवर. पहिल्या दोन फेऱ्या कोरड्या गेल्या. तिसऱ्याला गाडी अशी गरजली की ट्रकवाल्याच्या हातातला दोर खाली पडला.

"कंडेन्सर!" मामा ओरडला.

"पंप!" आबा ओरडले.

त्यानंतर गाडी एकदाही थांबली नाही. घाट चढली, पलीकडे उतरली. संकेश्वरपर्यंत कंडेन्सर आणि पंप यांची जुंपली होती. पण संकेश्वर मागं पडलं आणि आबा हळूहळू गप्प झाले. मामा एकटाच बोलत होता. मला मागून आबांचे फक्त कान दिसत होते. लेथवर आयुष्य काढलेला माणूस, त्याला टोपणाचं कळायला किती वेळ लागणार? बघता बघता ते कान तांबडे झाले.

आजोळच्या वेशीपाशी त्यांनी गाडी थांबवली. इंजिन चालूच होतं.

"बंद पडली?" मामा दचकला.

"न्हाई. जरा बघून येतो."

आबा मागं आले. त्यांनी पंचा उपसला. टाकीतून काहीच आवाज आला नाही. त्यांनी पंचा होता तसाच सैल बसवला आणि आईच्या खिडकीशी उभे राहिले. आई समोर बघत होती.

"मुद्दाम टाकलंस," ते अगदी हळू म्हणाले.

"व्हय."

"कशाला?"

"मला घरला जायचं हुतं."

एवढंच ती म्हणाली. आवाज चढवला नाही, रडली नाही. मीच रडले, खिडकीबाहेर तोंड करून. आबा तिथं उभे राहिले, मिशीला हात गेला आणि पीळ न देताच खाली आला. मला वाटलं, आता हे इथूनच गाडी फिरवतात. ते पुढं जाऊन बसले आणि त्यांनी पहिला गिअर टाकला.

मामाच्या दारात गल्ली जमली होती. हौसामामी भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात उभी होती. आबा उतरले. स्वतःच्या पायानं. गर्दीतल्या एकानं गाडीच्या नाकावर थाप मारून विचारलं, "काय पाव्हणं, वाटंत त्रास न्हाई दिला?"

"दिला की," आबा म्हणाले. "घाटात पार बसली हुती. आनंदानं उठिवली. त्याचा कंडेन्सर लागला म्हणून आलो. न्हाईतर माझ्या हातचं कायबी चाललं नसतं."

मामा गाडीच्या दाराला धरून उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर असे काही भाव होते की जणू त्याच्या रेडिओतून कुणी त्याचंच नाव घेतलं.

"न्हाई न्हाई," तो घाईघाईनं म्हणाला. "दाजींचा पंप. कंडेन्सरचं काय घिऊन बसलाय? पंप त्यांनी आवळला आन् मग चालू झाली."

"अरे, कंडेन्सर, मी सांगतोय न्हवं?"

"पंप हो दाजी! मी हँडल मारत हुतो, मला कळंना व्हय?"

"तुला काय कळतंय पंपातलं?"

"आन् तुमास्नी कंडेन्सरमधलं?"

दोघांचे आवाज चढले. गल्लीतली माणसं कधी याच्याकडे, कधी त्याच्याकडे मान वळवत होती. मामी तुकडा धरून धरून कंटाळली. "अवो, आत तरी या," ती म्हणाली, पण तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

आईनं तिच्या हातातला तुकडा घेतला, स्वतःच स्वतःवरून ओवाळला, रस्त्यावर टाकला आणि त्या दोघांना वळसा घालून उंबरा ओलांडून आत गेली.

 मग माजघरापलीकडून तिचा आवाज आला, भरलेला, पण चांगलाच चढलेला.

"हौसा! हिकडं ये आदी! आयची चूल हितनं कुणी हालवली गं?"